बंद दाराला हाक

मंडळी, जग संपल्यानंतरच्या भयकथा लिहिणारी मी आज खरोखर घाबरले.

लिहायला शांतता हवी म्हणून दोन महिन्यांपूर्वी टोकावड्याजवळच्या एका पाड्यावर खोली घेतली. दार लावून लिहीत बसते. आज सकाळी बाहेर आले, तर पाड्यात एकही माणूस नाही. घरं सताड उघडी. एका चुलीत अजून निखारे होते. सुपात तांदूळ अर्धवट निवडून ठेवलेले. फिरत होत्या त्या फक्त कोंबड्या.

हे मी कितीदा लिहिलंय! माझी पात्रं धीराने शोध घेतात. मी मात्र एकाही घराचा उंबरा ओलांडला नाही.

हाक मारायला तोंड उघडलं, तर एकाचंही नाव माहीत नाही. शेवटी "कुणी आहे का?" असं ओरडले. कोंबड्या तेवढ्या पांगल्या.

बऱ्याच वेळाने एक म्हातारी भाकऱ्या न्यायला आली. म्हणाली, "सगली खालच्या शेतावर गेलीत. आज एकाची लावणी, उद्या दुसऱ्याची. घरोघर हाक मारून संगतीनं जातो आमी."

"मग मला कुणी हाक नाही मारली?"

"तुझं दार बंद व्हतं. बंद दाराला आमी हाक नाय मारत, गो."

भाकऱ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन ती गेली, आणि तिचंही नाव विचारायचं राहिलं.

आता दार उघडं टाकून हे लिहितेय. अजून तरी कुणी आलेलं नाही.

तुमच्या आजूबाजूचे सगळे असे नाहीसे झाले, तर नावानं हाक मारता येईल असं कोण आहे तुम्हाला?