बोर्डावर न लागलेली कार्डं

अंबरनाथच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगची टीम माझ्याकडे होती. आधी आम्ही स्क्रम करायचो, म्हणजे कामाचे दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, स्प्रिंट. डेव्हलपर निवांत कोड लिहिणार आणि शेवटच्या दिवशी सगळा ढिगारा आमच्या डोक्यावर ओतणार. एखादा बग सुटला की बोलणी आम्हालाच. चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणून मीच भांडून कानबान आणलं. स्प्रिंट बंद. भिंतीवर बोर्ड, प्रत्येक कामाचं एक कार्ड, टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी तीनच कार्डं. एक संपलं की पुढचं घ्यायचं. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

कसलं सुटतोय! रकाना भरलेला दिसला की डेव्हलपर खुर्ची सरकवत यायचे. माझ्याकडे नाही, मी अंगावर येते. टीममध्ये सोनिवलीहून येणारी एक मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली, कॉन्ट्रॅक्टवरची. तिला गाठायचे. “ए, कार्ड नको लावू ना, जस्ट बघून दे. अपने बीच का काम है.” की ही बाई डबा अर्धा टाकून बसलीच बघत.

“अगं, कार्ड लाव!” मी ओरडायचे.

“एवढ्याशाला काय कार्ड, ताई? मन नाही मोडवत त्यांचं.”

आणि हिचं पर्मनंट होणं तेव्हाच अडकलेलं. सासऱ्यांनी बजावलं होतं, पर्मनंट झालीस तर कर नोकरी, नाहीतर बास झालं, घरी बस. हे तिनं मला बेसिनपाशी हात धुता धुता सांगितलं, तेही हसत. माझं डोकंच फिरलं.

मग हिला पर्मनंट करायचं की नाही, त्याची मीटिंग झाली. कंपनीचे मालक बोर्डासमोर उभे राहिले. त्यांच्या घरचं उल्हासनगरला कापडाचं दुकान, त्यांना माल समोर दिसायला लागतो. म्हणाले, “हिच्या नावावर कार्डं सगळ्यात कमी. पर्मनंट कशाला करू?”

मी तडकले. “सर, बोर्डाबाहेर हिनं किती कामं उपसलीत ते ह्या लोकांना विचारा.”

“बोर्डाबाहेर? कोणी दिली? नावं सांगा. एकेकाचं प्रमोशन अडवतो की नाही बघा.”

झालं. एकजण मोबाईलमध्ये घुसला. ज्याचं अख्खं मॉड्यूल हिनं वाचवलं, तो पेनाचं टोपण चावत बसला. बोला ना रे, माठांनो! शेवटी मीच नावं घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “नाही सर. माझ्याकडे कामं कमीच होती.”

जिन्यात मी तिचा दंडच धरला. “वेड लागलंय का तुला?”

“रागावू नका, ताई. त्यांची नावं घेऊन पर्मनंट झाले असते, तर मग बसले कुणात असते?”

मी तिचा दंड सोडला. नुसता संताप, त्यांचा आणि खरं सांगते, तिचाही.

महिनाअखेरीस ती नोकरी सोडून गेली. डेव्हलपरांनी केक आणला, चांगला मोठा, वर तिचं नाव घालून. टाळ्या वाजल्या. मी तुकड्याला हात लावला नाही. तिनं मात्र एकेकाला जवळ बोलावून, स्वतःच्या हातानं भरवला.