राबाचा धूर

काल पळसदरीजवळ कुणीतरी राब भाजत होतं. शेण, पाला आणि तापलेल्या मातीचा वास नाकात गेला आणि मला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला.

भाताची रोपं टाकायची जागा भाजायची होती. माझ्या माहेरी राब घरातल्या वडीलधाऱ्यानं पेटवायचा, म्हणून मी काडेपेटी सरळ बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातात दिली. सासूबाई ती परत घ्यायला धावल्या. फौजेतून, लढाईवरून परतल्यापासून बाबांना धूर सोसत नसे; राब भाजायच्या दिवशी ते शेतावर थांबतच नसत, काहीतरी काम काढून कर्जतला जात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नेमका त्या दिवशी त्यांना निघायला उशीर झाला होता.

बाबांनी काडी ओढली. धूर अंगावर आला तसे डोळे मिटून त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मग हळूहळू पकड सैल झाली.

"धूरच हाय गं नुसता," ते म्हणाले आणि चक्क हसले.

तेव्हा मी फक्त सासूबाईंची बोलणी खाण्यापासून वाचले म्हणून हुश्श केलं होतं. पण पुढं हयात असेपर्यंत आमचा राब बाबांनीच पेटवला, आणि माझं मनगट त्यांना पुन्हा कधी धरावं लागलं नाही.