नदीतल्या रांजणांपाशी

माझा एकही धड फोटो घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये डोळे मिटलेले, बाकी सगळीकडे कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. कॅमेरा दिसला की मीच मागे सरकते. पण चाळिशी उलटल्यावर वाटायला लागलं, एक तरी चांगला असावा. हे बोलायची मात्र सोय नव्हती. जाऊबाईंनी गावभर केलं असतं.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव मनमाडला रेल्वेत, त्याला सुट्टी मिळेना, म्हणून नवरीचे एकटीचेच फोटो काढायचे होते. फोटोवाला घरी येऊन म्हणाला, "द्राक्षबागा, धबधबे सगळ्यांचेच असतात. कुणी न पाहिलेली जागा सांगा."

चहा देता देता मी हळूच म्हणाले, "नदीत रांजण आहेत."

उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्या मळ्याखाली काळा खडक उघडा पडतो. पाण्याने गोटे फिरवून फिरवून त्यात माणूसभर खोल, गोल खड्डे कोरलेत. त्यांनाच आम्ही रांजण म्हणतो. मी तिथे गोधड्या धुते.

"वाट कशी हाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"अवघड. मला यावं लागेल."

हे खोटं होतं. पलीकडून बैलगाडी जाईल अशी वाट आहे, पण मग मला कुणी कशाला नेलं असतं? शिवाय मागच्या एका लग्नात मी पाहून ठेवलं होतं, नवरी तयार होईपर्यंत हा फोटोवाला जवळ असेल त्याला उभं करून उजेड बघतो.

फोटो काढायच्या सकाळी मी नवी हिरवी साडी नेसले.

"दगडं दाखवायला एवढी नटली?" जाऊबाई म्हणाल्या.

"बाकीच्या भिजत घातल्यात," मी म्हटलं. मग जाऊन खरंच भिजत घातल्या.

बाभळींमधून, गोट्यांवरून मी पुतणीला आणि फोटोवाल्याला चांगलं फिरवलं. पुतणी घागरा वर धरून कुरकुरत होती. "काकू, गोधडीचं ओझं घेऊन तू इथून येते?" मला ऐकू आलं नाही.

पोचेपर्यंत तिचे केस सुटले, पावडर ओघळली. ती सावलीला आरसा घेऊन बसली. फोटोवाला म्हणाला, "काकू, त्या रांजणाच्या कडेला जरा उभ्या राहा. उजेड बघतो."

मी उभी राहिले. डोळे मिटू नयेत म्हणून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्याकडे बघत राहिले. त्याने चार-पाच काढले, बघितले आणि म्हणाला, "झालं. हे पुसून टाकतो."

एवढा खटाटोप वाया चालला होता. मी ओरडले ती अशी, की पलीकडचे बगळे उडाले.

"पुसायचे नाहीत."

पुतणीने आरसा खाली ठेवला. माझ्या साडीकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. "काकू, नवरी मी हाय ना?" म्हणाली. मग उठून आली आणि स्वतःची लिपस्टिक मला लावायला लागली. "तोंड वाकडं नको करू. दादा, हिचे नीट काढा आधी."

माझं होईस्तोवर ऊन चढलं. तिच्या प्रत्येक फोटोत डोळे बारीक आलेत.

फोटो आले तेव्हा जाऊबाई मोबाईल लांब धरून म्हणाल्या, "नवरीपरीस हिचाच बरा आला. कसा काय?"

"उजेड बघायला उभी केली होती तिला," पुतणी म्हणाली.

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले. जाऊबाईंनी मोबाईल खाली ठेवला, तेव्हा हात पुसले आणि उचलला.