कोणालाही जमलं असतं

माझा मुलगा बीरगांवच्या कारखानी भागात, आमच्या लहानशा शेडमध्ये मशीन धुण्याचं पाणी बनवतो. रिठ्याचा अर्क आणि धानाच्या कोंड्याच्या तेलातून काढलेलं एक द्रव्य, दोन्ही मिळून थंड पाण्यात मशीनचं ग्रीस काढतात. दोन्ही वस्तू जुन्याच. पण एकत्र केल्या की दुधासारख्या फाटायच्या. न फाटता त्या कशा मिसळायच्या, हे त्यानं शोधलं आणि पेटंटचा अर्ज केला.

एका मोठ्या कंपनीनं विरोध केला. पेटंट मिळालं नाही, तर ती हेच पाणी उघडपणे बनवेल आणि आमचं शेड बंद पडेल. पेटंट ऑफिसनं अर्ज फेटाळला. म्हणे, कोणत्याही जाणकाराला हे सुचलंच असतं. मुलानं मुंबईच्या हायकोर्टात अपील केलं.

अर्ज फेटाळायच्या आधी इथं, हिंदी मुलखात, आमच्या मराठी मंडळानं त्याचा सत्कार केला होता. शाल, नारळ, फोटो. सत्कारात माणसानं वाकायचं, ही आपली रीत. तो माइकवर म्हणाला, "यात माझं काही विशेष नाही. थोडं डोकं लावलं असतं तर कोणालाही जमलं असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "पोट्ट्या, एवढा काहून वाकतो?"

तो हसला. "मग काय स्वतःची आरती करू, आई?"

मंडळानं ते भाषण मोबाइलवर टाकलं. कंपनीच्या वकिलाला ते सापडलं.

सुनावणी आम्ही घरी कॉम्प्युटरवर पाहिली. त्या वकिलाचा आवाज हळू होता, दुखणेकऱ्याशी बोलावं तसा. त्यानं भाषणातली ती दोन वाक्यं वाचली आणि खाली बसला. आमचे वकील म्हणाले, हा नम्रपणा आहे, पुरावा नाही. जज साहेबांनी एवढंच विचारलं की वाक्यं त्याचीच आहेत का. आमच्या वकिलांना हो म्हणावं लागलं. निकाल राखून ठेवला.

 तेव्हापासून मुलगा शेडमध्ये नवीन माल बनवायला घेत नाही. रिठ्याची पोती तशीच पडून आहेत.

काल मी सदर बाजारात गेले. आमचा नेहमीचा दुकानदार आमच्या बाटल्या खाली, फिनाइलच्या मागे सरकवून राहिला होता. वरची फळी पुसून रिकामी केली होती. काहून म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "माँजी, ऊपर वाली जगह कंपनी वालों ने अपने ऐसे ही पानी के लिए बोल रखी है."

मुलाला अजून सांगितलेलं नाही.