दुसरी रेघ

काचवाल्या धाकट्याला ‘अर्धाउजेड’ हे नाव मी ठेवलं, हे आधीच कबूल करून टाकतो. काचेची कपची उडून त्याचा उजवा डोळा गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते नाव उच्चारलं. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या सख्ख्या भावाच्या तोंडी बसलं होतं.

भावांचं दुकान न्हाव्याच्या अगदी समोर. बापाने दोघांना मिळून ठेवलेलं. मध्ये एकच लांब टेबल, वर जाड कांबळं अंथरलेलं. थोरला म्हणजे वाळलेलं लिंबू. त्याला धाकट्याच्या जागी आपला मेव्हणा आणायचा होता, आणि गेलेला डोळा त्याला आयताच मिळाला.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. धाकटा चहाचा कप उचलायला जाई आणि बोटं कपाच्या अलीकडेच मिटत. थोरला गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा, “बघा, बघा, हवेचा चहा पितोय!” आम्ही सगळे हसायचो. घरी बायको धाकट्याला विचारायची, “टेबल गेलं तर खायचं काय? काचा?”

तेव्हापासून हा गडी देवाला धरून बसला. लहानपणी दोघं भाऊ आईचं बोट धरून चर्चला जात. पुढे दोघेही लग्नामर्तिकापुरते. आता धाकटा दर रविवारी पुढच्या बाकावर. रोज सकाळी दुकान उघडलं की कांबळ्यावर दोन्ही हात टेकून, आईने शिकवलेली प्रभूची प्रार्थना खणखणीत म्हणायचा. मग टाकाऊ तुकडे घ्यायचा, उरलेला डोळाही मिटायचा, आणि पट्टीची कड बोटाने चाचपत काच कापायच्या कटरने रेघा ओढायचा. असे सहा महिने.

मी एकदा डिवचलं, “काय रे, देवाने डोळा कधी द्यायचं कबूल केलंय?”

“डोळ्याचं काही बोलला नाही, काका. हाताची थरथर थांबवली, तेवढ्यावर माझं चाललंय. तुम्ही दाढी उरका, साबण वाळला.”

भक्तीने जिभेची धार काही बोथट झाली नव्हती.

मग एके दिवशी बेकरीवाली मावशी दुकानाच्या दर्शनी भागासाठी मोठी काच घ्यायला आली. थोरल्याने तिच्यासमोरच डाव टाकला. “ही तू काप. फुटली तर उद्यापासून मेव्हणा उभा राहील इथे. बायकोलाही सांगून ठेव.”

काचेचा एक नियम आहे: कटरची रेघ एकदाच ओढायची, मग त्या रेघेवर काच मोडायची. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरलात, की काच मनाला येईल तिथून फुटते. धाकट्याने रेघ ओढली. किर्रर्र असा सलग आवाज आला, कुठे अडखळ नाही. तो हातमोजे आणायला आत गेला. मावशी रस्त्यातल्या हातगाडीवाल्याशी भांडत होती. मी न्हाव्याच्या आरशात पाहिलं: थोरल्याने खिशातून आपलं कटर काढलं आणि त्याच रेघेवरून सर्रकन फिरवलं.

मी बोललो का? नाही. मला पुढची गंमत बघायची होती. माझी जातच तशी.

धाकटा परत आला, त्याने रेघेवर जोर दिला, आणि काच फुटली, ती थेट आडवी. थोरला ओरडला, “झालं? उचल सामान, आंधळ्या!”

धाकटा हलला नाही. त्याने हातमोजा काढला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड खरबरीत होती, अंगठ्याला पांढरी पूड लागली.

“एका रेघेने अशी पूड पडत नाही. ही दुसरी रेघ आहे. मी एकच ओढली. तुझं कटर दाखव.”

“तू कोण विचारणार?”

मावशीने सरळ थोरल्याच्या खिशात हात घातला. कटरच्या टोकाला पांढरं चिकटलेलं. “सकाळपासून तू एक काच कापलेली नाहीस,” ती म्हणाली, “आणि हे पीठ माझ्या बेकरीतलं नाही.”

सगळी गल्ली दारात गोळा झाली. धाकटा भावाला म्हणाला, “आत्ता हे टोक तुझ्या गालावरून फिरवावंसं वाटतंय. म्हणून बाजूला हो. मला आधी प्रार्थना करू दे.”

हात टेकून त्याने सुरुवात केली. ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ या ओळीवर आला आणि अडकला. जबडा आवळलेला, मानेच्या शिरा तट्ट. पान खाऊन होईल एवढा वेळ गेला. मग दातांवर दात ठेवून ती ओळ त्याने ओढून काढली. दुसरी काच घेतली, एकच रेघ मारली, खालून टकटक केलं. काच सुरीने कापल्यासारखी सुटली.

मेव्हणा आला नाही. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. टेबल एक, पाठी दोन. प्रार्थना मात्र रोज होते, आणि त्या ओळीवर धाकटा अजून अडतो, कधी कधी फारच. तेवढा वेळ थोरला कटर काचेवर उचलून धरतो. ओळ पूर्ण होईपर्यंत त्याचीही रेघ सुरू होत नाही. मी आरशात बघत असतो.