आज खाटेवर ताई

तिचं खरं नाव आमच्या गटात कुणी घेतलंच नाही. पहिल्या दिवशी सामान उतरवताना लंबूने, जो तिच्याहून चांगला दोन वर्षांनी मोठा होता, तिला विचारलं, "ताई, ही गादी कुठे टाकू?" तिनेही लगेच सांगितलं, "खिडकीपाशी नको, सकाळी ऊन डोळ्यांवर येईल. त्या कोपऱ्यात टाक." झालं, त्या क्षणापासून ती सगळ्यांची ताई. घरीही ती ताईच होती, त्यामुळे तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

आम्ही सहा जण होतो. शाळा संपलेली, पुढचं काही ठरलेलं नाही, अशा मुलांनी वर्षभर कुठेतरी सेवेचं काम करायचं, अशी ती योजना होती. आमच्या वाट्याला वृद्धाश्रम आला होता. पण थेट आजी-आजोबांच्या अंगाला हात लावायची परवानगी नव्हती. आधी मागच्या लांबट खोलीत शिकायचं. तिथे दोन लोखंडी खाटा होत्या, एक चाकांची खुर्ची होती आणि आम्हाला शिकवायला एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांचा आवाज इतका हळू होता की ऐकायला आपोआप पुढे वाकावं लागे.

मी गटातली बडबडी, म्हणून माझं नाव चिमणी पडलं. लंबूला लंबू का म्हणत, हे त्याला दारातून आत येताना पाहिलं की कळायचं. त्याला आपल्या हातांचं काय करावं हेच समजत नसे. पाणी ओतायला घेतलं तर सांडे, चादर ओढायला घेतली तर उशी खाली पडे.

आणि ताई? तिला शिकवायचं काय, असाच प्रश्न पडावा. चादरीचे कोपरे ती असे दुमडायची की त्यावर सुरकुती शोधून सापडली नसती. आजारी माणसाला कुशीवर वळवायचं कसं, हे सिस्टरांनी एकदा दाखवलं आणि तिला आलं. हे सगळं कुठून आलं, ते तिनेच मला कपडे वाळत घालताना सांगितलं, तेही अगदी सहज, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. ती लहान असतानाच वडील गेले. आई लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला, उजाडायच्या आत घराबाहेर पडायची. घरी जुळे भाऊ, तेव्हा नुकते रांगायला लागलेले. त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, रडले की कडेवर घेऊन फिरवणं, सगळं हिच्याकडे. एक कडेवर आणि दुसरा पायाशी, अशातच तिचा अभ्यास व्हायचा.

"मग तुला सोडलं कसं त्यांनी?" मी विचारलं.

"आईनेच ढकललं. म्हणाली, जा तू. हे दोघं माझं डोकं खातील, पण उपाशी राहायचे नाहीत."

इथे येऊन ताईने आम्हालाच भाऊ-बहिणी करून टाकलं. सकाळी उठवायची तीच, कुणाच्या एप्रनची गाठ मागे सुटली तर बांधायची तीच. लंबूच्या हातून काही सांडायच्या आत ते त्याच्या हातातून काढून घ्यायचीही तीच. आम्हाला बरं वाटायचं. आयती आई मिळाल्यावर कोण नाही म्हणेल?

सिस्टरांचा एक नियम होता. आमच्यापैकी रोज कुणीतरी खाटेवर पेशंट होऊन पडायचं आणि बाकीच्यांनी त्याचं सगळं करायचं. भरवायचं, उठवून बसवायचं, दात घासून द्यायचे. पेशंटने हात हलवायचा नाही. "पडून बघितल्याशिवाय पडलेल्याचं कळत नाही," असं त्या म्हणत.

माझा नंबर आला तेव्हा मी पडल्या पडल्या इतकं बोलले की सिस्टर म्हणाल्या, हिला पक्षाघात झालाय असं समजा, जिभेलासुद्धा. लंबूचे पाय खाटेबाहेर लोंबत राहिले. एकेक करून सगळ्यांचं झालं. ताईचा नंबर मात्र कधी येईचना. कधी तिची चादर धुवायची राहिलेली असे, कधी तिला शिंका येत. एकदा तर "माझं वजन जास्त आहे, तुमच्या कमरा मोडतील," म्हणून तिने मलाच पुन्हा झोपवलं. ती काडीसारखी होती हो!

शेवटी एका दुपारी सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाट दाखवली. ताई हसत हसत पडली. लंबू सूपचा वाडगा घेऊन शेजारी बसला. चमचा भरला, तिच्या तोंडापाशी नेला. दोन थेंब तिच्या गळ्यावर सांडले. आणि ताईने उठून त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"दे इकडे. मीच घेते. तुझ्याच्याने नाही व्हायचं."

ती हे रागाने बोलली नाही, लहान भावाशी बोलावं तसंच बोलली. पण लंबूचा चेहरा उतरला. वाडगा खाली ठेवून तो म्हणाला, "घरी मला कुणी कशाला हात लावू देत नाही. म्हणतात, राहू दे, फोडशील. इथे तरी शिकेन म्हणून आलो. तर तूही लावू देत नाहीस."

आणि तो बाहेर गेला. ताई हातात चमचा धरून खाटेच्या कडेवर बसून राहिली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. मी शेजारीच बसले होते आणि तिच्या आईचा आवाज असा खणखणीत होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. जुळ्यांनी म्हणे अंडी उकडली होती. एकाने आपला शर्ट स्वतः धुतला होता, दुसऱ्याने दुकानातून सामान आणलं होतं, उरलेले पैसे परतसुद्धा दिले होते. "तू असताना कधी काडी इकडची तिकडे केली नाही या गुलामांनी," आई हसत म्हणाली. "आता बघ कसे कामाला लागलेत."

"बरं झालं," ताई म्हणाली. फोन ठेवला आणि बराच वेळ नखाने टेबलाचा रंग खरवडत बसली.

"चिमणे," ती म्हणाली, "त्यांना जमतंय गं सगळं."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलंच आहे," ती म्हणाली. आणि मग एकदम, "मग मी कोण त्यांची?"

"ताई," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिला हसू आलं, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाटेवर केस धुवायला शिकायचं होतं. खोलीत आलो तर ताई आधीच जाऊन पडलेली. तिने लंबूला हाक मारली, "ये. आज तू कर."

"मी?"

"तूच."

मानेखाली टॉवेलची गुंडाळी, डोक्याखाली प्लॅस्टिकचा कागद, त्याचं टोक खालच्या बादलीत. लंबूने पाण्यात कोपर बुडवून बघितलं, सिस्टरांनी सांगितलं होतं तसं. एका हातात पाण्याचा मग घेतला आणि दुसरा तळहात तिच्या मानेखाली सरकवला. त्याचा हात थरथरत होता. ताईने खाटेची कडा घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"अरे, तो मग जरा तिरका..." तिने सुरुवात केली.

"पेशंट, गप्प," सिस्टर म्हणाल्या.

पहिला मग थेट कानात गेला. ताईने ओठ मिटून घेतले, पण उठली नाही. दुसऱ्या मगाला लंबूने तिचा कान अंगठ्याने झाकला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर शाम्पूचा फेस झाला. त्याची लांब बोटं तिच्या केसांतून हळूहळू, गाठी सोडवत फिरू लागली आणि मी बघितलं तर थरथर थांबली होती. ताईची बोटंही खाटेवरून सुटली होती. तिने डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार त्याच्या तळहातावर सोडून दिला.

मग तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. केसांतलं नव्हतं ते. लंबू घाबरला. "गरम लागलं का?"

"नाही रे. बरोबर आहे. घाल अजून."

मी टॉवेलच्या टोकाने तिच्या कानशिलावरून ते टिपून घेतलं आणि काही बोलले नाही. माझ्याबद्दल हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक दिवस कुणाचा यावर विश्वास बसला नाही.

केस पुसताना ती मला हळूच म्हणाली, "आईने माझे केस कधी धुतले होते, ते आठवत होते. आठवलंच नाही."

मग आमचं खरं काम सुरू झालं. वरच्या मजल्यावर एक आजी होत्या, आयुष्यभर टायपिस्टची नोकरी केलेल्या, ताठ. केस धुवायचं नाव काढलं की त्या उशी फेकून मारत. आम्ही लाडीगोडी लावून थकलो, मी तर गाणीसुद्धा म्हटली. ताईने काहीच केलं नाही. त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, मलाही नको वाटलं होतं. फार नको वाटलं होतं."

आजींनी तिच्याकडे रोखून बघितलं. "मग?"

"मग काही नाही. आमच्या या लंबूने धुतले. कानात पाणी घातलं त्याने."

"मूर्ख आहे का तो?"

"आता नाही घालत."

आजींनी दाराकडे बघितलं. तिथे लंबू रिकामी बादली घेऊन वाकून उभा होता. "एवढा उंच," त्या म्हणाल्या. "बोलाव त्याला. पण पाणी बेताचं गरम हवं. आणि ती बडबडी बाहेर थांबेल."

मी बाहेर थांबले. आतून आधी आजींच्या सूचना ऐकू येत होत्या, मग फक्त पाण्याचा आवाज. दाराच्या फटीतून ताई दिसत होती. ती स्टुलावरच बसून होती, हात मांडीवर ठेवून, आणि लंबूकडे न बघता मान वळवून खिडकीबाहेर बघत होती.