एकशेचाळीसाव्या पानावर आकांक्षा

आकांक्षा गमरे वाचत असली की तिच्याशी बोलायला जाऊ नये, ती अंगावर येते. नायगावच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिची लहानपणापासूनची शेजारीण, त्यामुळे ओरडा माझ्याच वाट्याला जास्त आला.

कॉलेजात असताना आम्ही दोघींनी एका इंग्रजी कादंबरीमालेचे तीन भाग अधाशासारखे वाचले होते. तिसऱ्या भागाला तर धीर धरवेना, म्हणून पुस्तक मधोमध उसवून अर्धं-अर्धं घेतलं. त्यात एक हुकूमशहा होता. भिंतीच्या आत कोण राहणार आणि बाहेर कोण मरणार, ते तो ठरवायचा. त्याच्या नावाने आम्ही वर्षभर बोटं मोडली. आता इतक्या वर्षांनी त्या मालेच्या आधीची गोष्ट आली. त्यात तो अठरा वर्षांचा आहे, हुशार, गरीब, आजीवर जीव टाकणारा. आकांक्षाने पुस्तक पहिल्याच दिवशी घेतलं आणि एकशेचाळीसाव्या पानावर अडकली.

"अगं, पुढे वाच ना," मी म्हटलं.

"काय वाचू? हा पुढे कोण होणार ते माहितीये मला. तरी दर पानाला वाटतं, नको रे, हे नको करूस. ऐकतोय कुठे तो."

त्या पानावर त्याला वस्तीतल्या माणसांची यादी करायला सांगतात. तो ती अगदी खरी करतो. बस, एवढंच.

त्याच आठवड्यात चाळीच्या कमिटीने पुनर्विकासाची यादी आकांक्षाच्या गळ्यात मारली होती. खोलीत कोण राहतं, भाडेपावती कुणाच्या नावावर, दोघांचं नातं काय. खाली राहणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून तिची सही. एक नोंद खोटी निघाली, तर अख्ख्या चाळीची यादी परत येणार होती.

अडतीस नंबरात राधाबाई राहतात. पूर्वी त्यांची खाणावळ होती. खोलीची पावती चिंतामणी सावंतांच्या नावावर. ते गिरणीतले, राधाबाईंकडे जेवणारे. संपानंतर गावी जाताना खोली त्यांनाच देऊन गेले. नाव बदलून घ्या, असं स्वतः सांगत होते, पण राधाबाईंनी ऐकलं नाही. जित्या माणसाचं नाव पावतीवरून पुसणं त्यांना अभद्र वाटलं. आता चिंतामणी वारले आणि त्यांचा मुलगा हर्षवर्धन पावती घेऊन खोली मागायला हजर झाला.

"मानलेली बहीण लिहू?" आकांक्षाने मला विचारलं.

माझी खोलीही त्याच यादीत होती. मी म्हटलं, "खरं ते लिही. सगळ्यांचं अडकेल."

"तोही खरंच लिहितो गं," ती म्हणाली. मला तिचा राग आला. पुस्तकातलं पुस्तकात ठेवावं ना माणसाने.

संध्याकाळी आम्ही दोघी अडतीस नंबरात गेलो. राधाबाईंनी विचारलं, "काय लिवलंस गो?"

आकांक्षाने वाचून दाखवलं. "नातं, नाही."

"पंधरा वर्सां तेका जेवूक घातलंय," राधाबाई शांतपणे म्हणाल्या. "तेका काय म्हणतत तुमच्या फॉर्मात?"

आकांक्षा कागदाकडे बघत राहिली.

शाईचं पॅड मीच राधाबाईंपुढे सरकवलं.